'युक्रेनियन' म्हणजे नेमके कोण? नागरिक, वंश, भाषा आणि मराठीत लिहिताना पडणारे पेच

प्रश्न: इंग्रजी लेख आणि बातम्या मराठीत आणताना 'युक्रेनियन' हा शब्द सतत आडवा येतो. कधी तो माणसासाठी असतो, कधी भाषेसाठी, कधी सैन्यासाठी. 'रशियन बोलणारा युक्रेनियन' असे वाचले की गोंधळ उडतो. हा शब्द नागरिकत्वाचा आहे की वंशाचा? आणि मराठीत 'युक्रेनियन' लिहावे, 'युक्रेनी' लिहावे की 'युक्रेनचा'?

उत्तर: परदेशी घडामोडींचा मजकूर मराठीत आणण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. २०२२ नंतर हा शब्द जितक्या वेळा हाताखालून गेला तितका क्वचितच दुसरा कुठला गेला असेल. आधी थोडक्यात सांगते. इंग्रजीतला हा एकच शब्द चार कामे करतो. युक्रेनचा नागरिक, युक्रेनियन वंशाचा माणूस (मग तो राहतो कुठेही), युक्रेनियन भाषा, आणि युक्रेन देशाचे जे काही असेल ते, म्हणजे सैन्य, संसद, गहू, ड्रोन. इंग्रजी लेखक यांची फोड करत बसत नाही. ती आपल्याला करावी लागते, आणि दर वेळी नव्याने करावी लागते.

गोंधळाचे मूळ पहिल्या दोन अर्थांत आहे. आपल्याकडे 'मराठी' आणि 'महाराष्ट्रातला' हे दोन वेगळे शब्द सहज वापरले जातात. नागपुरात तीन पिढ्या राहिलेले हिंदी भाषक कुटुंब महाराष्ट्रातले आहे, आणि बडोद्यातले मराठी घर गुजरातमधले असूनही मराठी आहे. 'युक्रेनियन' या शब्दात ही दोन्ही घरे एकाच छपराखाली येतात. रशियन भाषेतही अशी जोडी आहे. 'रुस्की' म्हणजे वंशाने रशियन, आणि 'रोसियानिन' म्हणजे रशियाचा नागरिक, मग तो तातार असो की चेचेन. युक्रेनियन भाषेत मात्र अशी जोडी नाही. पुरुष 'उक्रायिनेत्स', स्त्री 'उक्रायिन्का', अनेकवचन 'उक्रायिन्त्सी', बस. नागरिक म्हणायचे असले तरी हेच, वंश सांगायचा असला तरी हेच. कागदोपत्री काटेकोर व्हायचे असेल तेव्हा 'युक्रेनचा नागरिक' असे दोन शब्दांत लिहितात.

मग आजच्या मजकुरात कोणता अर्थ आधी धरायचा? माझे ठाम मत असे की दुसरा पुरावा नसेल तर नागरिकाचा. हे मत भावनेतून आलेले नाही, त्याला कायद्याचा आधार आहे. सोव्हिएत काळात प्रत्येकाच्या अंतर्गत पासपोर्टवर 'राष्ट्रीयत्व' असा एक रकाना असे. रशियनमध्ये त्याला 'पाचवा रकाना' म्हणत. तिथे युक्रेनियन, रशियन, ज्यू, तातार असे लिहिलेले असे, आणि ते आईबापांकडून येत असे. माणूस आयुष्यभर कीव्हमध्ये राहिला तरी तो रकाना बदलत नसे. २४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केले, १ डिसेंबरच्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त मतदारांनी त्याला कौल दिला, आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने त्या वेळी तिथे कायम राहणाऱ्या सगळ्यांना, वंश न विचारता, नागरिक मानले. नव्या पासपोर्टमधून तो रकानाच गेला. २८ जून १९९६ ला स्वीकारलेल्या राज्यघटनेच्या सरनाम्यात 'युक्रेनियन जनता' म्हणजे 'सर्व राष्ट्रीयत्वांचे युक्रेनचे नागरिक' अशी व्याख्याच दिली आहे. मराठी वाचकाला यातला 'राष्ट्रीयत्व' शब्द खटकेल, कारण आपण तो नागरिकत्वाच्या अर्थाने वापरतो. पूर्व युरोपात तो वंश या अर्थाने येतो. अशा मजकुराचा अनुवाद करताना मी सरळ 'वांशिक गट' लिहिते.

कायद्यातली ही व्याख्या रस्त्यावर कशी उतरली हे २०१३-१४ च्या मैदान आंदोलनात (कीव्हच्या 'मैदान' या मुख्य चौकात सरकारविरुद्ध झालेल्या आंदोलनात) दिसले. २१ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ज्याच्या फेसबुक पोस्टमुळे कीव्हच्या चौकात पहिली माणसे जमली, तो पत्रकार मुस्तफा नय्येम काबूलमध्ये जन्मलेला. जानेवारी २०१४ मध्ये त्या आंदोलनात गोळी लागून मेलेल्या पहिल्या काही जणांत सेर्ही निगोयान होता, आर्मेनियन कुटुंबातला, तेव्हा विशीचा. थोडेच दिवस आधी कॅमेऱ्यासमोर तारास शेवचेन्को या राष्ट्रकवीच्या ओळी म्हणताना त्याला लोकांनी पाहिले होते. २०१६ ची युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा युक्रेनसाठी जिंकणारी गायिका जमाला क्रिमियन तातार आहे आणि जन्मली किर्गिझस्तानात, कारण तिच्या पणजीच्या पिढीला १९४४ मध्ये स्टालिनने क्रिमियातून हद्दपार केले होते. २०१९ मध्ये सुमारे ७३ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झालेले झेलेन्स्की क्रिवी रिह या औद्योगिक शहरातल्या, रशियन बोलणाऱ्या ज्यू घरातले. यातल्या कोणालाही 'युक्रेनियन' म्हणताना इंग्रजी पत्रकार अडखळत नाही. मराठीतही अडखळू नये.

आता 'रशियन बोलणारा युक्रेनियन'. यात विरोधाभास काहीच नाही. २००१ च्या जनगणनेत ७७.८ टक्के लोकांनी स्वतःला वंशाने युक्रेनियन म्हटले आणि १७.३ टक्क्यांनी रशियन. मातृभाषा मात्र ६७.५ टक्क्यांनी युक्रेनियन सांगितली आणि २९.६ टक्क्यांनी रशियन. स्वतःला युक्रेनियन म्हणवणाऱ्यांतच जवळजवळ १५ टक्क्यांची मातृभाषा रशियन होती. खारकीव्ह, ओडेसा, द्निप्रो या शहरांत घरी रशियन, शाळेत युक्रेनियन आणि बाजारात दोन्हींची सरमिसळ असे आयुष्य काढलेली माणसे लाखोंनी आहेत. त्या सरमिसळीला तिथे 'सुर्झिक' म्हणतात. मुळात तो मिसळीच्या धान्यासाठी वापरला जाणारा शब्द. म्हणून मजकुरात 'रशियन-स्पीकिंग' दिसले तर 'रशियन भाषक' लिहा. 'एथ्निक रशियन' असेल तर 'रशियन वंशाचा'. आणि नुसते 'रशियन' असेल तर तो रशियाचा नागरिक आहे की नाही हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. घाईत हे तिन्ही 'रशियन' म्हणून छापले जातात आणि खारकीव्हच्या बॉम्बहल्ल्यात मेलेली म्हातारी एका शब्दाने शत्रुदेशाची होऊन जाते. या चुकीची मला खरोखर चीड आहे, कारण युद्धाचे समर्थन ज्या युक्तिवादाने केले गेले, की रशियन बोलतो तो आमचा, तोच युक्तिवाद आपण नकळत वाचकाच्या गळी उतरवतो.

या शब्दाचे वय विचारणारे बरेच भेटतात, तेव्हा त्यावर थोडे सविस्तर. 'उक्रायिना' हे नाव जुन्या बखरीत ११८७ सालच्या नोंदीत प्रथम सापडते. पेरेयास्लावचा राजपुत्र वोलोदिमिर ह्लिबोविच वारला, तेव्हा उक्रायिनाने त्याच्यासाठी फार शोक केला, अशी ती नोंद आहे. 'क्राय' म्हणजे कड किंवा सीमा, आणि 'क्रायिना' म्हणजे देश. त्यामुळे नावाचा मूळ अर्थ 'सरहद्दीचा मुलूख' की 'आपला मुलूख' यावर वाद आहे. बरेच इतिहासकार पहिला अर्थ धरतात, युक्रेनमधले अनेक अभ्यासक दुसरा. प्रदेशाचे नाव इतके जुने असले तरी तिथल्या माणसांनी स्वतःला 'उक्रायिनेत्स' म्हणणे सर्रास झाले ते १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि २० व्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी ते स्वतःला 'रुसिन' म्हणत, कीव्हच्या प्राचीन 'रुस' राज्यावरून. ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या गॅलिसियात, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनच्या भागात, सरकारी कागदांवर त्यांना 'रुथेनियन' म्हणत आणि रशियन साम्राज्यात 'लिटल रशियन'. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हे दोन्ही शब्द भेटतात. 'रुथेनियन' तसाच ठेवून पहिल्यांदा आला तिथे 'आजच्या भाषेत युक्रेनियन' एवढे जोडावे. 'लिटल रशियन' आज अपमानकारक मानतात, म्हणून तो अवतरणचिन्हांतच ठेवावा आणि हा साम्राज्याने दिलेला शब्द आहे हे वाक्यातून कळू द्यावे.

१८६३ मध्ये रशियन साम्राज्याचा गृहमंत्री वालुयेव याने काढलेल्या परिपत्रकात, वेगळी 'लिटल रशियन' भाषा कधी नव्हती, नाही आणि असू शकत नाही, असे मत नोंदवलेले होते. १८७६ मध्ये झारने काढलेल्या एम्स फर्मानाने या भाषेतली पुस्तके छापण्यावर आणि बाहेरून आणण्यावर आणखी कडक बंदी आली. या पार्श्वभूमीवर एक नाव जवळून पाहण्यासारखे आहे. लारिसा कोसाच ही १८७१ मध्ये जन्मलेली मुलगी. १८८४ मध्ये, तेराव्या वर्षी, तिची पहिली कविता छापून आली ती साम्राज्याच्या हद्दीबाहेर, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विव्हमध्ये. कवितेखाली आईने सुचवलेले टोपणनाव होते, लेस्या उक्रायिन्का. लेस्या हे घरचे लाडाचे नाव, आणि उक्रायिन्का म्हणजे 'युक्रेनियन स्त्री'. जिची भाषा छापायला बंदी होती, तिने त्या भाषेच्या माणसांचे नाव आडनाव म्हणून घेतले. पुढे ती युक्रेनियन साहित्यातली सर्वांत मोठ्या नावांपैकी एक झाली, आणि आज युक्रेनच्या २०० रिव्नियाच्या (तिथले चलन) नोटेवर तिचे चित्र आहे. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे, धाकट्या भावंडांना शिकवायला तिने पूर्वेकडच्या प्राचीन लोकांचा इतिहास लिहिला, आणि त्यासाठी ऋग्वेदातल्या काही सूक्तांचे युक्रेनियनमध्ये भाषांतर केले. मराठीत तिचे नाव लिहिताना काही जण 'लेस्या युक्रेनका' करतात. विशेषनाम आहे, 'उक्रायिन्का'च ठेवावे.

नावावरून माणसाचे नशीब ठरल्याचे उदाहरण युक्रेनबाहेरही आहे. गॅलिसियातून १८९१ पासून हजारो शेतकरी कुटुंबे कॅनडाच्या गवताळ प्रदेशात गेली. त्यांच्या कागदांवर 'ऑस्ट्रियन', 'गॅलिशियन', 'रुथेनियन' असे काय काय लिहिलेले असे. पहिले महायुद्ध सुरू झाले, ऑस्ट्रिया-हंगेरी शत्रुराष्ट्र ठरले आणि कॅनडाने सुमारे साडेआठ हजार लोकांना छावण्यांत डांबले. त्यातले बहुसंख्य युक्रेनियन होते. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात युक्रेनियन मुळाचे साडेबारा लाखांहून जास्त लोक आहेत. त्यांच्याबद्दल 'युक्रेनियन' लिहिलेले असेल तर तिथे अर्थ वंशाचा, नागरिकत्वाचा नव्हे. 'युक्रेनियन-कॅनेडियन' याला मराठीत 'युक्रेनियन वंशाचे कॅनेडियन' हेच बरोबर.

कलावंत आणि पुढारी यांच्याबाबत सर्वांत जास्त भांडणे होतात. निकोलाय गोगोलचे घ्या. पु. ल. देशपांड्यांचे 'अंमलदार' ज्याच्या नाटकावरून बेतलेले आहे तो हा गोगोल. मराठीत तो कायम 'रशियन नाटककार' म्हणून ओळखला गेला. जन्म १८०९ चा, पोल्टावा भागातला, घर युक्रेनियन, लेखन रशियनमध्ये. १८४४ च्या एका पत्रात त्यानेच लिहिले की आपला आत्मा युक्रेनियन आहे की रशियन हे आपल्यालाच ठाऊक नाही. जे त्याने स्वतः ठरवले नाही ते आपण एका विशेषणात का ठरवावे? 'युक्रेनमध्ये जन्मलेला, रशियन भाषेत लिहिणारा' असे लिहिले की वाक्य चार शब्दांनी वाढते आणि खरे राहते. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हच्या बाबतीत उलट चूक होते. त्याने युक्रेनमध्ये बरीच वर्षे काढली, तिथला पक्षप्रमुखही होता, म्हणून त्याला युक्रेनियन म्हणतात. पण त्याचा जन्म रशियातल्या कुर्स्क प्रांतातल्या कालिनोव्का गावचा आणि वंशाने तो रशियन. समुद्रचित्रांसाठी गाजलेला आयवाझोव्स्की तर क्रिमियातल्या फिओदोसियात जन्मलेला आर्मेनियन, आणि रशियन नौदलाचा चित्रकार. तिथे कुठलेही एकेरी विशेषण अपुरे पडते.

संग्रहालयेही हे आता नव्याने तपासत आहेत. फ्रेंच चित्रकार देगा याचे सुमारे १८९९ चे एक पेस्टल, म्हणजे रंगखडूंचे चित्र, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कित्येक दशके त्याचे नाव 'रशियन नर्तिका' होते. चित्र नीट पाहिले तर नर्तिकांच्या केसांत आणि हारांत पिवळ्या-निळ्या रंगाच्या फिती दिसतात. एप्रिल २०२२ मध्ये गॅलरीने नाव बदलून 'युक्रेनियन नर्तिका' केले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने खारकीव्हजवळच्या चुहुयिव्हमध्ये जन्मलेल्या इल्या रेपिनच्या नावापुढचे 'रशियन' काढून 'युक्रेनियन' लिहिले. पॅरिसमध्ये किंवा मुंबईत बसून 'झारच्या राज्यातला तो रशियन' म्हणण्याची सवय किती खोल होती, हे यातून कळते. सोव्हिएत काळात आपणही सगळ्यांना सरसकट 'रशियन' म्हणायचो. तो जुना मजकूर संदर्भासाठी वापरताना हे लक्षात ठेवा.

आता मराठी रूपांकडे. माणसासाठी, भाषेसाठी आणि संस्कृतीसाठी मी 'युक्रेनियन' लिहिते. 'युक्रेनी' चूक नाही, हिंदी वर्तमानपत्रांत तो जास्त दिसतो आणि मराठी कानालाही परका नाही. पण एका मजकुरात एकच रूप ठेवा. राज्यसंस्थेसाठी मात्र षष्ठी वापरा: युक्रेनचे सैन्य, युक्रेनची संसद, युक्रेनचे ड्रोन. मराठीत हे जास्त स्वाभाविक वाटते आणि वंशाचा अर्थ आपोआप बाजूला राहतो. २०२२ च्या वसंतात 'युक्रेनियन विद्यार्थी मुंबईत परतले' असे मथळे मी पाहिले. ती मुले आपलीच होती, तिकडे मेडिकलला गेलेली. 'युक्रेनमधून परतलेले विद्यार्थी' एवढेच हवे होते. 'युक्रेनियन संकट' हेही टाळा. संकट कोणी कोणावर आणले हे त्यात लपते. 'युक्रेनवरील रशियाचे आक्रमण' लिहिणे लांब पडत असेल तर 'युक्रेन युद्ध' चालेल.

इंग्रजीत लिहायची वेळ आली तर दोन गोष्टी. स्पेलिंगमध्ये 'आर-ए' नंतरचा 'आय' हमखास गळतो, तो गाळू नका. आणि देशाच्या नावाआधी 'द' लावू नका. ते एखाद्या प्रदेशाचे नाव असल्यासारखे वाटते, आणि स्वातंत्र्यानंतर युक्रेनला ते मान्य नाही. मराठीला हा प्रश्न नाही.

व्यक्ती आणि गावांची नावे युक्रेनियन उच्चारावरून घ्यावीत. खारकीव्ह, खारकोव्ह नव्हे. ल्विव्ह, ल्वोव्ह नव्हे. लुहान्स्क, लुगान्स्क नव्हे, कारण जिथे रशियनमध्ये 'ग' येतो तिथे युक्रेनियनमध्ये बहुधा 'ह' असतो. झेलेन्स्कींचे नाव वोलोदिमिर, पुतिन यांचे व्लादिमिर. मूळ एकच नाव, दोन भाषांतली दोन रूपे. राजधानीसाठी इंग्रजी माध्यमांनी २०१९ च्या सुमारास रशियन वळणाचे स्पेलिंग सोडून युक्रेनियन वळणाचे घेतले. मराठीतले 'कीव्ह' त्याच्या पुरेसे जवळ आहे, तेच चालू ठेवावे.

शेवटी चर्च, कारण 'युक्रेनियन' शब्द इथे सर्वांत जास्त फसवतो. 'युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्च' आणि 'ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेन' या दोन वेगळ्या संस्था आहेत. पहिली परंपरेने मॉस्कोच्या धर्मपीठाशी जोडलेली. मे २०२२ मध्ये तिने स्वातंत्र्य जाहीर केले, पण तो दुवा खरोखर तुटला का यावर सरकारशी तिचा वाद आहे. दुसरी डिसेंबर २०१८ मध्ये उभी राहिली आणि जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपीठाने तिला पूर्ण स्वतंत्र कारभाराची (ऑटोसेफली) सनद दिली. मराठीत दोन्हींचे 'युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्च' झाले की बातमीचा अर्थच उलटतो, आणि कीव्हमधल्या पेचेर्स्क लाव्रा या प्राचीन मठाच्या ताब्याचा वाद कोणाचा कोणाशी हेच वाचकाला कळत नाही. पहिलीला मी 'मॉस्कोशी परंपरेने संलग्न असलेले युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्च' म्हणते आणि दुसरीला 'युक्रेनचे स्वायत्त ऑर्थोडॉक्स चर्च'. तिसरे 'युक्रेनियन ग्रीक कॅथॉलिक चर्च' १५९६ च्या ब्रेस्ट करारापासून रोमच्या पोपला मानते आणि उपासना पूर्वेच्या पद्धतीने करते. त्यातल्या 'ग्रीक'चा ग्रीस देशाशी किंवा ग्रीक लोकांशी संबंध नाही, तो उपासनेच्या पद्धतीचा उल्लेख आहे.